बांगड्या रुतायला लागल्या तर : गरोदरपणातल्या शंका, महिन्यांच्या क्रमानं

डोहाळजेवणाला कासारीण आली होती. आठवा महिना, हिरवा चुडा भरायचा. कासारणीनं पोरीचं मनगट दाबलं, एक बांगडी चढवून पाहिली आणि म्हणाली, "लग्नातलं माप बसंना गं हिला आता." बायका हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "अंगानं भरलीय, दुसरं काय." मला तिथं जेवायला बोलावलं होतं, पण पिशवीत बीपीचं यंत्र असतंच. पट्टा बांधला तर १६०/११०. पोरगी म्हणाली, "कालपासून डोकं दुखायलंय, पण म्हटलं उन्हानं असंल."

१०८ बोलावली. आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देऊन तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. झटके आले नाहीत. बाळ लहानखुरं झालं, काचेत ठेवावं लागलं, पण मायलेकरं घरी आली.

त्याच पोरीनं सकाळी मला एकच प्रश्न विचारला होता: पुढच्या हप्त्यात ग्रहण आहे, भाजी चिरली तर चालंल का?

उपकेंद्रावर नर्स म्हणून बीड-परभणीच्या पट्ट्यात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत झालंय. ज्या गोष्टींना आपण भितो, पपई, ग्रहण, केसर, मोटरसायकलचा धक्का, त्यांतल्या बहुतेक बिनधोक असतात. घात होतो तो "चालायचंच" म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींनी: डोकेदुखी, रुतणारी बांगडी, शांत झालेलं बाळ. म्हणून इथं दोन्ही लिहिते, दिवस जातात त्या क्रमानं. दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल कार्ड जवळ घेऊन वाचलंत तर बरं.

पाळी चुकली: आधी तारीख पक्की करा

"शेवटची पाळी कधी आली?" याला आमच्याकडं तारखेत उत्तर मिळत नाही. "पोळ्याच्या आदल्या दिशी." "पंचमीला माहेरी गेले तव्हा." "सोयाबीन काढायला लागलो त्या हप्त्यात." चालतंय. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि सणावरून तारीख धरा. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. संक्रांतीला, १४ जानेवारीला, पाळी आली असेल तर २१ ऑक्टोबर. बाळ दोन आठवडे मागंपुढं करतं. पण कोणती सोनोग्राफी कधी, बाळ दिवसांच्या मानानं लहान आहे का, कळा वेळेआधी आल्यात का, हे सगळं या तारखेवरूनच ठरतं. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जी तारीख देते ती धरा.

पाळी चुकून आठवडा झाला की सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी करा. पट्टी आशाताईकडं फुकट मिळते. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, अशी रीत आहे. रीत पाळा, पण आशाताईला त्यातून वगळा. बाळाचा मणका आणि मेंदू पहिल्या दोन महिन्यांतच आकार घेतात आणि फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी तेव्हाच पोटात असावी लागते. चौथ्या महिन्यात बातमी फोडून गोळी सुरू केली तर ते काम उरकलेलं असतं. खरं तर मूल हवं असं ठरवाल तेव्हापासूनच ती घ्यावी.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करा. त्या दिवशी वजन, उंची, बीपी, लघवी, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, गुप्तरोग आणि कावीळ ब यांच्या तपासण्या होतात आणि माता व बाल संरक्षण कार्ड हातात येतं. धनुर्वाताचं टीडी इंजेक्शन पहिल्या खेपेला चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा असतं. यानंतर किमान तीन तपासण्या: एक चौथ्या ते सहाव्या महिन्यात, एक सातव्या-आठव्यात, एक नवव्यात. मी म्हणेन महिन्याला एक करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून हा दिवस ठरलेला आहे. गर्दी होते, भाकरी बांधून न्या.

रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असला तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल तेव्हाच विचारा. साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्याला एक, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. हे इंजेक्शन पुढच्या बाळासाठी असतं, म्हणूनच "आता झालं की नीट, कशाला" म्हणत ते राहून जातं. पोट पडलं तरी ते लागतं का, हे विचारायचं.

ओकाऱ्या

सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात, नवव्या-दहाव्याला जोर धरतात आणि चौथ्या महिन्यात बहुतेकींच्या उतरतात. उशाशी ज्वारीच्या लाह्या किंवा कडक भाकरीचा तुकडा ठेवा. पाय जमिनीला लावण्याआधी दोन घास खा, मग दहा मिनिटांनी उठा. पोट रिकामं राहिलं की ओकारी वाढते, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. पाणी जेवताना ढसाढसा पिण्यापेक्षा अधूनमधून घोटघोट प्या. फोडणीच्या ठसक्यानं होत असेल तर दोन महिने फोडणी दुसऱ्या कुणीतरी घालावी. यात लाड कसले?

घोटभर पाणीही टिकत नाही, सात-आठ तास लघवी नाही, झालीच तर गडद पिवळी, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी, असं असेल तर दवाखान्यात जा. सलाईन लागतं. ओकाऱ्या जास्त म्हणजे मुलगी, हे गावगप्पांत ठेवा.

औषधांचं एकच सांगते. तापाला किंवा अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि मेडिकलवाल्यानं कागदात बांधून दिलेली "अंगदुखीची पुडी" घ्यायची नाही, कारण त्या पुडीत काय आहे ते त्यालाही नीट सांगता येत नाही. शुगर, थायरॉइड, फिट्स किंवा दम्याच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर स्वतःहून बंदही करू नका. डॉक्टरांना दाखवून ठरवा.

रक्त कमी आहे: लाल गोळीचा किस्सा

मराठवाड्यात गरोदर बाईच्या तब्येतीचं एकच काही विचारायचं झालं तर मी "एचबी (हिमोग्लोबिन) किती?" हे विचारते. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ ते १० च्या मधलं असेल तर गोळ्यांचा डोस वाढतो, ७ च्या खाली गेलं तर मोठ्या दवाखान्याचं काम. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा जरी जास्त रक्तस्राव झाला तरी ती तो सहन करू शकत नाही.

चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची लाल गोळी, १८० दिवस, आणि बाळंत झाल्यावर आणखी १८० दिवस. गोळ्या फुकट मिळतात. वाटप झाल्याची नोंद आमच्या रजिस्टरात असते. पोटात गेल्याची नोंद मात्र कुठंच नसते. एका घरी कणगीमागं सहा पाकिटं सापडली, एकही फोडलेलं नाही. सासूनंच ठेवलेली. "गोळ्यानं लेकरू काळं होतं म्हणं." मावशी, लेकराचा रंग आईबापाचा. काळी होते ती शी, आणि ते लोहामुळं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

गोळीनं मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते, पोट गच्च होतं, हे मात्र खरं आहे. त्यावर उपाय असा: गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, झोपायच्या आधी लिंबाच्या पाण्यासोबत घ्या. मळमळ झोपेत निघून जाते आणि लिंबामुळं लोह अंगी लागतं. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या आड येतात, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमच्या दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत, लोह निजताना, असं बसवलं की भांडण मिटतं. कॅल्शियम नुसतं हाडांसाठी नाही, ज्यांच्या जेवणात दूधदुभतं कमी असतं त्यांचं बीपी वाढण्याचा धोकाही त्यानं कमी होतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात जंताची एक अल्बेंडाझोल गोळी देतात, ती घ्या. जंत राहिले तर लोहाचा बराच फायदा तेच खातात.

महिनाभर नेमानं गोळी घेऊनही एचबी एका अंकानं वाढलं नाही, किंवा सातवा महिना उलटला आणि ते ९ च्या आतबाहेर अडकलंय, तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ग्रामीण रुग्णालयात सोय असते.

"गूळ-शेंगदाण्यानं रक्त वाढतं की!" गुळात लोह आहे, पण एवढंसं. ८ चं ११ करणं लाडवाच्या आवाक्यातलं नाही. लाडू खा, गोळीही खा. हरभऱ्याची कोवळी भाजी, तांदुळजा, करडईची भाजी, मटकी, हुलगे यांवर लिंबू पिळा, जेवणानंतरचा चहा तासभर पुढं ढकला. खाणाऱ्यांच्या घरी अंडी, मटण, मासे असतील तर ते लोह सगळ्यात लवकर लागतं.

दोन सवयी बायका सांगत नाहीत, मला विचारून काढाव्या लागतात. पहिली माती खाण्याची. भाजकी माती, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ. लाजू नका. अंगात लोह कमी पडल्याची ती बहुतेक वेळा खूण असते, गोळ्या लागू पडल्या की इच्छा आपोआप मरते. दुसरी मिस्री. "मी तंबाखू खात नाही" म्हणणारी बाई दिवसातून चारदा मिस्री लावते. मिस्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यानं बाळ कमी वजनाचं होतं. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची सोडा, मग रात्रीची. पण सोडा.

ताट आधी काढून ठेवा

दोघांचं खायला लागत नाही. चौथ्या महिन्यापासून रोजच्यापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर वरण किंवा उसळ आणि मूठभर शेंगदाणे. नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वजन वाढतं. काटकुळ्या बाईनं थोडं जास्त वाढवावं, आधीच जड असलेलीनं कमी.

अडचण खरी वेगळीच असते. सून सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर कढईत भाजी संपलेली असते आणि उरते चटणी-भाकरी. यावर प्रबोधन करून काही होत नाही, मी करून पाहिलंय. एक युक्ती चालते: स्वयंपाक झाला की सासूनं स्वतःच्या हातानं सुनेचं ताट आधी वाढून झाकून ठेवायचं. मग ती कधी का जेवेना.

नवव्या महिन्यात "लेकरू मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल" म्हणून खाणं कमी करतात. करू नका. शेवटच्या दोन महिन्यांतच बाळाचं वजन भराभर वाढतं, आणि आमच्या भागात मोठ्या बाळांपेक्षा दोन-सव्वादोन किलोच्या बाळांनीच जीव टांगणीला लावलाय.

पिकलेली पपई चालते, कच्ची आणि चिकाची टाळा. केसरानं रंग उजळत नाही, पैसे जातात. ग्रहणात भाजी चिरल्यानं ओठ फाटत नाही. ग्रहणात अपाय होतो तो बाईला तास न् तास अन्नपाण्यावाचून, लघवीला न जाऊ देता कोंडून ठेवण्यानं. देवावर श्रद्धा असेल तर जप करा, पण तिला पाणी द्या. उपवासाचंही तेच. चतुर्थी-एकादशी फळं-दूध घेऊन धरली तर चालेल, निर्जळी नको. साबुदाण्यावर नऊ दिवस काढणंही नको. रोजे ठेवणाऱ्या भगिनींना धर्मानंच गरोदरपणी सवलत दिलेली आहे, ते नंतर भरून काढता येतात. साखर किंवा बीपी असेल तर ती सवलत घ्याच.

साखर आणि सोनोग्राफी

पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या सुमारास, २४ ते २८ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात. उपाशीपोटी जावं लागत नाही. १४० किंवा त्यावर आली तर गरोदरपणातला मधुमेह. "मी तर गोड खातच नाही" असं म्हणून चालत नाही, बाळाला आईशी जोडणाऱ्या वारेतून सुटणाऱ्या संप्रेरकांमुळं तो होतो. बहुतेकींचा जेवण बदलून आणि चालून आटोक्यात येतो, काहींना इन्सुलिन लागतं. इन्सुलिननं बाळाला धोका नाही, वाढलेल्या साखरेनं आहे.

सोनोग्राफी तीन पुरतात: अकरा ते चौदा आठवड्यांची, अठरा ते वीस आठवड्यांची आणि शेवटच्या तीन महिन्यांतली. मधली चुकवू नका, बाळात व्यंग आहे का ते तीत दिसतं. शेवटचीत वार कुठं आहे, पाणी किती आहे, बाळ डोक्यावर आहे का पायाळू, हे कळतं. मुलगा की मुलगी विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. हा आकडा आमच्या जिल्ह्याच्या कपाळी आहे, आणि तो सोनोग्राफीच्या खोल्यांमधूनच तयार झाला.

अंगावरून जाणं

पांढरं, पातळ, वास नसलेलं पाणी जाणं गरोदरपणात वाढतंच. औषध लागत नाही, सुती कपडा वापरा, रोज बदला, उन्हात वाळवा. खाज, घाण वास, दह्यासारखं किंवा हिरवट असेल तर दाखवा, साध्या औषधानं बरं होतं. आमच्याकडं पांढरं जाण्याची धास्ती मोठी. याच तक्रारीवरून कितीतरी ऊसतोड बायकांना "पिशवी काढून टाक" असा सल्ला मिळाला. २०१९ मध्ये बीडमधल्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली.

लाल जाणं वेगळं. पहिल्या तीन महिन्यांत थोडा डाग पडून गर्भ टिकतोही, पण ते सोनोग्राफीवाचून कळत नाही, त्याच दिवशी दाखवा. पोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर आणि डाग एकत्र असतील तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, तिथं तासभरही थांबू नका. पाचव्या महिन्यानंतर न दुखता भळभळ रक्त गेलं तर वार खाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी कुणालाही आतून तपासू देऊ नका, सोनोग्राफी आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यातच जा.

उन्हाळा, पाणी आणि दाबून धरलेली लघवी

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाच्या वर, टँकर दोन दिवसांआड, आणि संडास असला तरी त्यात ओतायला पाणी नाही. बाई काय करते? पाणीच कमी पिते, म्हणजे दिवसा जावं लागत नाही. यातून लघवीला जळजळ, मग ताप, आणि त्यातून अवेळी कळा. हे मी दर उन्हाळ्यात पाहिलंय. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, लघवी फिकट असली पाहिजे, आणि लागली की जायचं. ताक, लिंबूपाणी, ओआरएस चालतं. बीपी असेल तर ताकात मीठ बेतानं. लघवी करताना आग, खालच्या पोटात दुखणं किंवा थंडी वाजून ताप आला तर उद्यावर टाकू नका. लघवी तपासून सांगितले तितके दिवस गोळी घ्या, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी सहाव्या महिन्यानंतर नको. दुपारी बारा ते चार शेतात नको. डोकं गरगरून घाम बंद झाला, अंग तापलं तर सावलीत, ओल्या कपड्यानं पुसत दवाखाना.

कोयत्यावर जाणार असाल तर

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, मुकादमाचा फोन येतो, आणि पाचव्या-सहाव्या महिन्याची बाई ट्रॅक्टरवर चढते. "जाऊ नका" हे सांगणं सोपं आहे, उचल मी फेडणार नाही. जायचंच असेल तर निघण्याआधी हे करून घ्या: कार्ड आणि त्यावरचा आरसीएच नंबर (सरकारी नोंदणीचा क्रमांक), मोबाइलमध्ये कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो, सगळ्या महिन्यांच्या गोळ्या एकदम, आणि एचबी-बीपी-सोनोग्राफी. कार्ड कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं. कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईला तोंड दाखवून या.

फडावर मोळी उचलून गाडीवर चढवणं गरोदर बाईनं बंद करावं, तोडणी-बांधणीवर राहावं. आठव्या महिन्यात माघारी यावं. खाडा पडेल, मान्य आहे. पण रात्री दोनला उसाच्या फडात कळा आल्या तर गाडी कुठं बोलवायची याचा पत्ता सांगता येत नाही, हे मी फोनवर ऐकलंय. म्हणून पोचल्या दिवशीच शिवाराचं, गटाचं आणि जवळच्या रस्त्याचं नाव नवऱ्याला पाठ करायला लावा.

किरकोळ कुरकुरी

छातीत जळजळ: थोडं थोडं खा, जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, उशी उंच घ्या. पोटऱ्यात गोळे: पायाचा अंगठा आपल्याकडं ओढा. पाठदुखी: बसून भांडी घासताना पाट घ्या, वाकून झाडू नका. बद्धकोष्ठ: पाणी आणि पालेभाजी. झोप कुशीवर, शक्यतो डाव्या, पाठीवर जाग आली तर दचकू नका, कूस बदला. नवरा-बायकोचा संबंध: रक्तस्राव, वार खाली किंवा अवेळी कळांचा त्रास नसेल तर चालतो. मोटरसायकल: धक्क्यानं गर्भ पडत नाही, पण गाडीवरून पडण्याची भीती असते, आमचे रस्ते पाहता शेवटचे तीन महिने एसटीनं किंवा जीपनं जा.

खाज मात्र किरकोळ म्हणू नका. सातव्या महिन्यानंतर तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, पुरळ नसताना खाज सुटली तर यकृताच्या तपासण्या करायला सांगा. त्याचा त्रास बाळाला होतो.

बाळ हलायलं का?

पहिलटकरणीला अठरा-वीस आठवड्यांत, पुढच्या खेपेला त्याआधीच हालचाल कळते. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज एक वेळ ठरवा, रात्री जेवणानंतर बरी. डाव्या कुशीवर निजा, पोटावर हात ठेवा आणि मोजा. लाथ, ढुशी, वळवळ, सगळं मोजायचं. बोटं पुरतात: दहा. बहुतेक बाळं अर्ध्या-पाऊण तासात दहा पुरी करतात. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा रोज धिंगाणा घालणारं बाळ आज गप आहे, तर त्याच रात्री ठोके तपासून घ्या. "दिवस भरत आले की लेकरू हलायचं कमी होतं" हे मी शंभर जणींच्या तोंडून ऐकलंय आणि ते खोटं आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, संख्या घटत नाही.

तसंच, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हेही उलटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा. चौतीस आठवड्यांच्या आत कळा आल्या तर बाळाच्या फुप्फुसासाठी आईला इंजेक्शन देतात, पण त्याला वेळ मिळावा लागतो. घरी शेकत बसू नका.

लगेच निघायचं ते कधी

पुन्हा त्या बांगडीकडं येते. संध्याकाळी पाय सुजणं आणि सकाळी उतरणं चालतं. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, बोटात अंगठी फिरत नाही, बांगडी रुततेय, तर बीपी मोजा. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्यावर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. त्यासोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं काजवे किंवा धूसर दिसणं, बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखणं यांतलं काहीही असलं तर गाडी बोलवा, बाम चोळत बसू नका. झटका आला तर कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, भगताकडं नेऊ नका. एका कुशीवर निजवा आणि १०८.

रक्त जाणं, ताप, न थांबणारी पोटदुखी, बसल्या जागी धाप, एकाच पायाला सूज आणि दुखणं, गप झालेलं बाळ, ही बाकीची कारणं. पाणमोट फुटली तर कळांची वाट न पाहता निघा. पाण्याचा रंग बघून ठेवा: हिरवट असेल तर दवाखान्यात पहिल्यांदा तेच सांगा.

खऱ्या कळा नेमानं येतात, जवळ जवळ येत जातात आणि फिरलं तरी थांबत नाहीत. फसव्या कळा कूस बदलली, पाणी प्यायलं की विरतात. शहरात पाच मिनिटांवर आल्या की निघा म्हणतात. तांड्यावर, वस्तीवर राहत असाल तर दहा मिनिटांवर आल्या की निघा, आणि दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर त्याही आधी.

पिशवी आठव्या महिन्यातच भरा

कार्ड, सगळे रिपोर्ट, आधार, पासबुकाची झेरॉक्स. दोन जुन्या धुतलेल्या सुती साड्या, बाळाला गुंडाळायला मऊ फडकी, पॅड, चादर, फोन चार्जर. सोबत राहणारी बाई कोण हे ठरवा, आणि रक्त देऊ शकतील असे दोघं गावात कोण आहेत हेही. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर सातव्या महिन्यातच माहेरच्या आशाताईकडं नाव नोंदवा, नाहीतर दोन्हीकडच्या याद्यांत नाव राहतं आणि दोन्हीकडं लक्ष राहत नाही.

कोणत्या दवाखान्यात जायचं हे आधीच ठरवा. बीपी, साखर, जुळं, आडवं बाळ, आधीचं सिझर किंवा ७-८ एचबी असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात वेळ न घालवता सिझर आणि रक्तपेढी असलेलं ठिकाण धरा: आपल्या जिल्ह्याचं रुग्णालय, नाहीतर अंबाजोगाई, लातूर, नांदेडची वैद्यकीय महाविद्यालयं, संभाजीनगरची घाटी. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा, मागणं तिथंच थांबतं. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला पाच हजार दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, नियमात बसणाऱ्यांना थेट खात्यात येतात. त्यासाठी खातं बाईच्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं. हे काम बाळंतपणानंतर ढकलू नका, बाळ मांडीवर घेऊन बँकेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कितीजणी मी पाहिल्यात.

१०२ ही गाडी गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी, १०८ तातडीसाठी. दोन्ही नंबर, आशाताईचा नंबर आणि गावातल्या एका जीपवाल्याचा नंबर घरातल्या दरवाजावर खडूनं लिहून ठेवा. रात्री मोबाइलची बॅटरी गेलेली असते, दरवाजा जागेवर असतो.